बाळंतिणींचे वाफे

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी नर्सबाईंचं नाव घेतो. आईबापांनी जन्म दिला, तांड्याने वाढवलं, शाळेने अक्षर दिलं. ते सगळं खरं आहे आणि मी ते विसरलेलो नाही. पण आज माझ्या घरात बायको आहे, आणि शाळेत जायला रोज कुरकुर करणारी एक मुलगी आहे. या दोघींकडे पाहिलं की मला पांढरकवड्याच्या नर्सबाईच आठवतात. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं. पण गावात ते कोणी घेत नसे, म्हणून मीही इथे घेत नाही.

आपला भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. आमचा तांडा केळापूरच्या पलीकडे. तांड्यातला मी पहिला मॅट्रिक. खोली शोधायला निघालो तर दोन घरी 'तांडा' हा शब्द ऐकूनच खोली भरून गेली. तिसऱ्या घराच्या ओट्यावर पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई सुपात मेथीचं बी निवडत बसल्या होत्या. लुगड्याला छातीशी सेफ्टीपिनने एक पुरुषी घड्याळ अडकवलेलं.

"गाव कोनतं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"केळापूरच्या पुढे. तांडा."

"खांदता येते का?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"जमीन खांदता येते का तुले, म्हनून विचारून राह्यली."

"येते."

"हात दाखव."

मी दोन्ही पंजे पुढे केले. त्यांनी ते नाडी पाहावी तसे उलटसुलट करून पाहिले आणि सोडून दिले. "सामान आन," म्हणाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात बाईंनी तीस वर्षं नोकरी केली होती. अर्धं गाव त्यांच्या हातून जगात आलेलं. पेन्शन घेतली तरी लोक बोलवायला येतच. घरामागे त्यांची परसबाग होती, दहाबारा वाफ्यांची. त्या बागेला त्या 'वॉर्ड' म्हणत आणि वाफ्याला 'खाट'. शेणखत टाकायचं म्हणजे 'ड्रेसिंग'. वेल बांधायचे ते दवाखान्यातल्या जुन्या, उकळून वाळवलेल्या पट्ट्यांनी. ऑक्टोबरमध्ये मातीत बोट खुपसून थोडा वेळ घड्याळाकडे पाहत, आणि म्हणत, "ताप हाय अजून. चार दिवस थांब."

त्या बागेची खरी तऱ्हा मला पहिल्या दसऱ्यानंतर कळली. बाई तिथे फक्त बाळंतिणीला चालेल तेवढंच लावत. मेथी, शेपू, पालक, लसूण, थोडा अहाळीव, मांडवावर दुधी भोपळा. वांग्याचं एक झाड नाही, मिरचीचं नाही, भेदरं, म्हणजे टोमॅटो, तेही नाहीत. शेजारचे देवरावजी कुंपणापलीकडून त्यांना रोज छेडत. त्यांच्याकडे वांग्यांचे दोन ताटवे होते.

"बाई, वऱ्हाडात घर अन् दारी वांगं नाही. लोकं हासतात."

"हासू दे. तुह्या बायकोले विचार, सवा महिना काय खाल्लं होतं तिनं."

"ते तं मेथीच."

"मंग तुहं वांगं तूच खाय. तुले काही लेकरू पाजाचं नाही."

दसरा झाला की बाई दोन दिवस गावातून हिंडून येत. बाजारात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, जिथे बाया असतील तिथे. बायांची चाल पाहत, दोन शब्द विचारत. आमच्याकडे बाया तारखा सांगत नसत. 'पोळ्याला सहावा होता', 'भुलाबाई बसली तवा सातवा लागला', असं सांगत. बाई बोटांच्या पेरांवर मोजत, त्यातून मेथीला लागणारा एक महिना वजा करत, आणि घरी येऊन छपरावरच्या फुटक्या कवेलूच्या तुकड्यांवर चुन्याने नावं लिहीत. एका बाईला एक खाट. 'पाटलाची सून', 'तेल्याची मधली', 'चौकीदारीन'. तो तुकडा वाफ्याच्या डोक्याशी रोवला की ती जागा तिची. बाळंतपणाच्या दिवशी मेथी वीतभर झालेली असली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. लवकर पेरली तर जून होते, उशिरा पेरली तर आईच्या दुधाला उपयोग नाही.

जुडी त्या स्वतः ओल्या फडक्यात बांधून घरी नेत. सासूच्या हातात देऊन परत येत नसत. चुलीशी बसून राहत, भाजी शिजेपर्यंत आणि सून खाऊन उठेपर्यंत. मी एकदा विचारलं की एवढा वेळ कशाला.

"सासवा खातात," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं पाहून राह्यली मी."

खांदायचं काम माझ्याकडे. दसरा ते दिवाळी शाळेला सुटी असे, आणि ती सगळी सुटी बाईंच्या मागच्या अंगणात जाई. आमची काळी माती मोठी हट्टी. पाऊस गेल्यावर आठ दिवस तिच्यात पाय घालवत नाही, आणि पुढे आठ दिवस गेले तर कुदळीतून ठिणगी निघते. मधले चार-सहा दिवस काय ते आपले. त्या दिवसांत हरळीची मुळं उपटायची, ढेकळं उलथून उन्हात टाकायची, ती तापली की फोडायची, पाट काढायचे, काट्यांचं कुंपण नव्याने भरायचं. हे सगळं करून मी रात्री बी.ए.च्या पुस्तकांपुढे बसे, आणि ओळी डोळ्यांपुढून जात राहत. दोनदा इंग्रजीत नापास झालो. तेव्हाचा थकवा अजूनही कधी कधी माझ्या खांद्यांत जागा होतो.

बाईंनी त्यावर उपाय काढला. पुस्तक स्वतः मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसत आणि मी खांदता खांदता इतिहास पाठ म्हणे.

"अकबर मेला का?" मी दम घ्यायला थांबलो की त्या विचारत.

"उद्या मरते, बाई."

"आजच मार. उद्या लसनाचा वाफा हाय."

एक गोष्ट मात्र त्या वॉर्डात बोलून व्हायची नाही. दरसाल एखादी बाळंतीण अशी निघे की तिचं मूल राहत नसे. त्या दिवशी बाई येऊन तिच्या वाफ्याचा कवेलूचा तुकडा पालथा घालत. त्या वाफ्याला मग कोणी हात लावायचा नाही. मेथी वाढून तिला फुलं येत, शेंगा धरत, वाळत. उन्हाळा लागला की बाई ते बी झाडून घेत आणि बाकीच्या बियांत मिसळत. मी विचारलं होतं, "हे वेगळं नाही ठेवायचं का?"

"कायले? बियानं काय केलं?"

तिथल्या माझ्या तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. बायको तांड्यातच, माझ्या याडीजवळ राहायची. आमच्यात आईला याडी म्हणतात. बायकोला गोरबोलीशिवाय फारसं येत नसे. चौथ्या दसऱ्याच्या सुटीत मी तिला घेऊन आलो, कारण तिला दिवस गेले होते आणि बाईंनी स्वतःच निरोप धाडला होता. बाई तिच्यापुढे बसल्या, तिचे पाय दाबून सूज पाहिली आणि मला म्हणाल्या, "विचार तिले. कोनता महिना कधी लागला?"

मी विचारलं. ती खाली मान घालून हळूच म्हणाली, की आपण तीज पेरली त्या दिवशी पाचवा लागला.

मी बाईंना सांगितलं, "तीजला पाचवा लागला."

बाईंनी पेरं मोजली, मान हलवली, कवेलूवर 'मास्तरीन' असं लिहिलं, आणि तो तुकडा विहिरीजवळच्या वाफ्याशी रोवला. तो वाफा मी स्वतः खांदला होता. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. तांड्यातल्या बाईच्या नावाची खाट गावातल्या बायांच्या रांगेत होती.

माझी चूक त्या एका वाक्यात होती. आमच्या तांड्यात तीज म्हणजे कुमारिकांचा सण. राखीच्या सुमाराला मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि नऊ दिवस त्याला पाणी घालून नाचतात-गातात. बाईंची तीज म्हणजे हरतालिका, भादव्यातली. दोन्हींत अठरा दिवसांचं अंतर. 'पेरली' हा शब्द मी तसाच्या तसा सांगितला असता तर बाईंनी नक्की विचारलं असतं, की तीज पेरतात कशी. मी तो गाळला.

बाईंच्या हिशेबाने बाळंतपण माघात होतं. "संक्रांत होऊन आठ दिवस गेले की गाडी जुंपून आनजो तिले," त्या म्हणाल्या, आणि संक्रांतीला स्वतः राजूरला गेल्या. तिथे खाणीजवळ त्यांची बहीण राहायची, तिच्या सुनेचे दिवस भरले होते. इकडे करीच्या दिवशी, तांड्यात परतलेल्या माझ्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. तांड्यातल्या म्हातारीने दिवसभर प्रयत्न केला. मग गाडी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलगा होता. बायको वाचली.

बाई तिसऱ्या दिवशी परतल्या. दवाखान्यात येऊन त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "दिवस पुरे होते?" पुरे होते. बाई तिथेच बाकावर बसल्या आणि पेरं मोजायला लागल्या. मोजत राहिल्या.

त्यांनी बायकोला तांड्यात जाऊ दिलं नाही. सवा महिना आपल्या घरी ठेवून तिचं सगळं केलं. अंग शेकलं, डोकं विंचरलं, ती रडायला लागली की जवळ बसून रडल्या. तिच्या वाफ्यातली मेथी तेव्हा दोन पानांवर होती. बाई दुसऱ्यांच्या वाफ्यांतून तिच्यापुरतं काढून आणत, आणि ज्यांच्या वाफ्यातून काढलं त्यांना तसं सांगून येत. तिला मराठीचे चार शब्द यायला लागले ते त्याच दिवसांत. एकदा ती बाईंना आपल्या सणांचं सांगत होती. टोपलीत गहू पेरतात, म्हणाली. काय म्हणतात त्याला, बाईंनी विचारलं. "तीज," ती म्हणाली.

"कधी पेरता?"

"राखीले."

मी दारात उभा होतो. बाईंच्या हातात तिच्या जेवणाची ताटली होती. ती त्यांनी जमिनीवर ठेवली आणि आत निघून गेल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या उन्हाळ्यात लुगड्याचं घड्याळ पेटीत गेलं. बोलवायला आलेल्यांना बाई म्हणत, "दवाखान्यात जा. माह्यानं होत नाही." त्यांचा हात कापायला लागला होता हे खरं होतं, पण हाताचं निमित्त होतं. दसरा आला, गेला. बाई हिंडायला गेल्या नाहीत. कोजागिरी झाली. माती तडकायला लागली. वॉर्डात कमरेएवढं तरोट्याचं तण माजलं होतं आणि देवरावजीसुद्धा कुंपणावरून काही बोलत नव्हते. एका सकाळी मीच कुदळ काढली आणि तरोटा उपटायला लागलो. माती हातची गेली होती. प्रत्येक घावाला ढेकूळ नाही, विटेसारखा तुकडा निघत होता.

थोड्या वेळाने बाई ओट्यावर आल्या. "कोनासाठी खांदून राह्यला?"

"कोणासाठी नाही."

"मंग कायले खांदतं?"

"सुटी आहे म्हणून."

त्या बसल्या. मी खांदत राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "इतके वर्षं बायकाईले विचारून राह्यली मी. कोनती तीज, एवढं विचारता नाही आलं मले."

मी कुदळ खाली ठेवली. नऊ महिने हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. म्हणालो, "ती 'तीज पेरली' म्हणाली होती, बाई. पेरली हा शब्द मी गाळला."

"काहून?"

"मग तुम्ही विचारलं असतं. तांड्यातलं सगळं उलगडून सांगावं लागलं असतं. टोपल्या, गहू, नाच. मला लाज वाटली."

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. ते बरोबरही झालं असतं.

"माह्यापाशी लाज वाटली तुले?" त्या म्हणाल्या. "मी तुही बायको उघडी पाह्यली, तिचं सारं केलं. अन् तुले टोपलीतल्या गव्हाची लाज वाटली?"

"चूक माझी आहे, बाई."

"तुही कायची? इचारनारी मी होती."

"सांगणारा मी होतो."

"तू मधातला मानूस. चुपचाप राह्य."

"मधल्याचीच चूक आहे."

"बी.ए. व्हाचं हाय नं तुले? वाद कसा घालते पाह्य मोठ्या मानसाशी." दोघंही इतके थकलो होतो की भांडणसुद्धा धड उभं राहिना. त्या उठून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी गुंडभर पाणी बाहेर आणून ठेवलं. अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. मी पुसायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे. वाळते."

वाफे मी पुरे केले. बाईंनी पेरलं काही नाही. तो हिवाळाभर बारा खाटा खांदलेल्या आणि रिकाम्या पडून होत्या. गावातल्या बाया त्या बाजूने जाताना कुंपणातून पाहत आणि पुढे जात.

त्याच साली मी तिसऱ्या खेपेला बी.ए. झालो. पेढे घेऊन गेलो तर बाईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अकबर सुटला बिचारा." वणीच्या हायस्कुलात मला जागा मिळाली. निघताना बायको त्यांच्या पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद तोंडातून निघाला नाही. त्यांच्या आशीर्वादात नेहमी लेकरांचा उल्लेख असे.

पुढची दोन वर्षं पांढरकवड्याहून येणारा माणूस भेटला की मी वॉर्डाची चौकशी करी. तरोटा आहे, असंच उत्तर मिळे. मी त्यांना पत्र लिहायला अनेकदा बसलो आणि खुशालीपलीकडे काही सुचलं नाही. मग एका भादव्यात लिहायला कारण आलं. महत्त्वाचं पत्र मी आधी कच्चं लिहून काढतो, ती सवय अजून आहे. त्यामुळे ते माझ्याजवळ राहिलं.

*

वणी

ती. नर्सबाई यांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही दोघं इथे खुशाल आहोत. आपली प्रकृती आणि हात कसा आहे ते कळत नाही, म्हणून काळजी वाटते.

पत्रास कारण की, आपल्या मास्तरणीला दिवस आहेत. पोळ्याच्या दिवशी पाचवा महिना लागला. मी तिला दोनदा विचारलं, एकदा तिच्या बोलीत आणि एकदा मराठीत. तिचे शब्द होते तसे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडले आहेत, एकही गाळलेला नाही. खाली पंचांगातली तिथी आणि इंग्रजी तारीखही दिली आहे. शंका वाटली तर तिला समोर बसवून आपणच विचारा. ती आता मराठी चांगलं बोलते. मी मधे राहणार नाही.

आपण वॉर्ड बंद केला आहे हे मला माहीत आहे. तो उघडा असं म्हणायचा मला अधिकार नाही. इथे मोठा दवाखाना आहे, डॉक्टरीणबाईही आहेत, आणि सगळे मला इथेच राहा म्हणतात. मीही तिला तेच म्हणालो. त्यावर ती म्हणाली की, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण माझं मूल गेलं तेव्हा त्या माझ्यासोबत रडल्या नव्हत्या. मग मी हे पत्र लिहायला बसलो.

तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना मी वेगळं पत्र टाकत आहे. वेळ आलीच तर ते आहेत. आपला हात कापतो तर कापू दे. आपण फक्त तिच्याजवळ बसायचं आहे. वाफा एकच काढू, तो मी काढीन, पाणीही मीच घालीन. कुदळीला आपण हात लावायचा नाही.

उत्तर लिहायचा त्रास घेऊ नये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आम्ही निघतो आहोत. आपण दार उघडलं नाही तर ओट्यावर बसून राहू. तिला बसायला एक गोणपाट तेवढं बाहेर टाकून ठेवावं, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
मास्तर